सहीचा मुहूर्त

"काका, पामरचा करार २०३३ पर्यंत वाढवला!"

ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट. सकाळचा चहा अजून कपातच होता. आमचा पुतण्या रात्री जागून इंग्लंडातले फुटबॉलचे सामने बघतो आणि सकाळी त्याचं वार्तापत्र घरातल्या सर्वांना सक्तीनं ऐकवतो. आता पामर म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे हात जोडून उभा असलेला एखादा दीनवाणा जीव येतो. 'आम्ही आपले पामर' म्हणणाऱ्याचा करार कोण कशाला वाढवील? चौकशीअंती कळलं की हा पामर म्हणजे कोल पामर, वय वर्षं बावीस, मुक्काम चेल्सी क्लब, लंडन. आदल्या वर्षी चेल्सीनं त्याला मँचेस्टर सिटीकडून सुमारे चार कोटी पौंड मोजून आणला आणि सात वर्षांच्या करारावर त्याची सही घेतली. पोरानं पहिल्याच मोसमात लीगमध्ये बावीस गोल केले. म्हणजे वयाच्या दर वर्षाला एक.

"म्हणजे आधीच्या कराराची सहा वर्षं बाकी होती?" मी विचारलं.

"हो."

"मग एवढी घाई कुणाला झाली होती? संपबिंप केला की काय त्यानं?"

"छे हो काका! चांगला खेळला म्हणून."

चांगला खेळला म्हणून! मी ज्या कचेरीत तीस वर्षं खुर्ची झिजवली तिथे 'चांगलं काम केलं म्हणून' हे शब्द फक्त निरोपसमारंभात ऐकू येत. पगारवाढ यायची ती दरसाल ठरलेल्या तारखेला, पावसाळ्यासारखी, आणि पावसाळ्यासारखीच कमी पडायची. वर मध्येच 'एफिशियन्सी बार' नावाचा एक अडसर असे. तो ओलांडायला माणूस कार्यक्षम असावा लागे, असं नुसतं म्हणत. ज्याचं टिपण साहेबांच्या टेबलावर वरच्या बाजूला राही तो कार्यक्षम. अशा शाळेत शिकलेल्या माणसाला, सहा वर्षं बाकी असताना एखादी संस्था करार उघडून त्यात भर घालते, हे परीकथेसारखं वाटणारच. म्हणून मी या प्रकरणाच्या मुळाशी जायचं ठरवलं. आणि मुळाशी गेल्यावर जे दिसलं ते परीकथेच्या अगदी उलट होतं.

सुरुवात इंग्लंडात होते, १८९३ च्या सुमाराला. साहेबानं जगाला फुटबॉल दिला, तसा फुटबॉलवाल्यांना बांधून ठेवायचा कायदाही दिला. करार एका मोसमाचा. मोसम संपला की क्लबनं याद्या करायच्या: कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं. ठेवायच्या यादीत ज्याचं नाव आलं त्यानं क्लब देईल त्या पगारावर मुकाट्यानं सही करायची. नाही केली, तर पगार बंद. इथवर ठीक आहे. सही नाही तर पगार कसला? पण खरी गंमत पुढेच आहे. पगार बंद झाला तरी त्याची नोंदणी क्लबकडेच राहायची आणि लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही क्लबाला त्याला घेता येत नसे. गाय विकायची नाही, तिला चारा घालायचा नाही आणि शेजाऱ्याच्या बांधावर चरूही द्यायचं नाही, असा हा न्याय.

दुसऱ्या क्लबाला तो हवाच असेल, तर त्यानं पहिल्या क्लबाला रोख रक्कम द्यायची. तिला ते ट्रान्स्फर फी म्हणत. मुंबईकरांना हा प्रकार समजावून सांगायची गरज नाही. ही सरळ पागडी. फरक एवढाच की आपल्याकडे पागडी खोलीवर घेत, तिकडे खोलीत राहणाऱ्या माणसावर घेत.

आणि पगार किती? १९०१ मध्ये लीगभर कमाल मर्यादा ठरली: आठवड्याला चार पौंड. वाढत वाढत १९५८ मध्ये ती वीस पौंडांवर पोचली. म्हणजे सत्तावन्न वर्षांत सोळा पौंडांची प्रगती. १९४० सालच्या भाड्यावर गोठलेल्या आमच्या चाळीतल्या खोल्यांना या गतीचा हेवा वाटेल, पण त्या खोल्यांनी कधी पन्नास हजार लोकांपुढे गोल केलेला नाही.

टॉम फिनी हा त्या काळातला इंग्लंडचा थोर खेळाडू. प्रेस्टन नॉर्थ एंड या एकाच क्लबात त्याची कारकीर्द गेली. धंद्यानं तो प्लंबर होता. हे मी विनोदानं म्हणत नाही, खरोखरीच प्लंबर. शनिवारी बचावफळीला गळती लावायची आणि सोमवारी गावातल्या नळांची गळती थांबवायची. १९५२ मध्ये इटलीच्या पालेर्मो क्लबानं त्याला सांगावा धाडला: सहीचे दहा हजार पौंड, शिवाय पगार, बंगला आणि मोटार. इंग्लंडातला पगार तेव्हा वीस पौंडांच्याही आत. फिनीनं प्रेस्टनच्या मालकांकडे जाऊन विचारलं. मालक 'नाही' म्हणाले. संपलं! फिनी परत येऊन आपला खेळू लागला आणि नळ दुरुस्त करू लागला. आता सांगा, अशा मालकांना 'यशस्वी खेळाडूचा करार केव्हा वाढवावा?' असा प्रश्न कधी पडेल? घरचं मांजर कुठे जाणार आहे हे ठाऊक असल्यावर दुधाची वाटी कोण भरतो!

हा प्रश्न निर्माण केला जॉर्ज ईस्टहॅम नावाच्या एका हडकुळ्या पोरानं. न्यूकॅसल क्लबात होता. वय तेवीस. क्लबनं दिलेलं घर त्याला पसंत नव्हतं, इतरही काही तक्रारी होत्या, आणि आर्सेनलला तो हवा होता. १९६० मध्ये करार संपला तेव्हा त्यानं नवीन सही करायला नकार दिला. न्यूकॅसलनं 'ठेवायच्या' यादीत त्याचं नाव घातलं आणि त्याला घरी बसवलं. पोरगा घरी बसला नाही. दक्षिण इंग्लंडात जाऊन त्यानं कॉर्क विकायची नोकरी धरली. देशातला एक उत्तम मध्यरक्षक महिनोन् महिने बाटल्यांच्या बुचांचा माल विकत होता, आणि यात कायद्याचा भंग झाला आहे असं कुणाला वाटत नव्हतं. अखेर नोव्हेंबरात न्यूकॅसलनं त्याला ४७,५०० पौंडांना आर्सेनलला विकला.

माझ्यासारखा माणूस इथे थांबला असता. काम झालं, नवी नोकरी मिळाली, आता कोर्टात कोण जातो? ईस्टहॅम गेला. खेळाडूंची संघटना त्याच्यामागे उभी राहिली. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला, की करार संपल्यावरही खेळाडूला असं अडकवून ठेवणं म्हणजे त्याच्या पोटापाण्याच्या उद्योगावर घातलेलं अवाजवी बंधन आहे. काही महिने कॉर्क विकलेल्या माणसानं सत्तर वर्षांच्या पद्धतीला असं बूच मारलं.

त्याआधी, जानेवारी १९६१ मध्ये, जिमी हिल या दाढीवाल्या पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी संपाची धमकी देऊन वीस पौंडांची मर्यादाही मोडून काढली होती. तेव्हाचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. फुलम क्लबाचा अध्यक्ष होता टॉमी ट्रिंडर. हा पेशानं विनोदी नट. कमाल मर्यादा लागू होती तेव्हा हा गृहस्थ सगळीकडे सांगत फिरे, की आमचा जॉनी हेन्स आठवड्याला शंभर पौंडांच्या लायकीचा आहे, पण काय करणार, नियम आडवा येतो! नियम आडवा आहे तोवर उदार व्हायला काय जातं? आणि एक दिवस नियमच नाहीसा झाला. ट्रिंडरसाहेबांना शब्द पाळावा लागला आणि हेन्स इंग्लंडातला पहिला शंभर पौंडवाला खेळाडू झाला. विनोदी माणसानं जाहीरपणे आकडे बोलू नयेत.

तरी पागडी गेली नव्हती. करार संपला तरी नव्या क्लबानं जुन्या क्लबाला पैसे मोजायचे, ही रीत युरोपात चालूच होती. ती मोडली बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मान या खेळाडूनं. १९९० मध्ये लिएज क्लबाशी त्याचा करार संपला. क्लबनं नवा करार पुढे केला, पगार आधीच्या एक चतुर्थांश. त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं होतं. पण पैशांची सोय नीट झाली नाही म्हणून लिएजनं अडवलं. पगार पाव आणि किंमत मात्र पुरी, असा हिशेब. बोस्मान पाच वर्षं लढला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपच्या न्यायालयानं सांगितलं: करार संपला की युरोपीय संघातला खेळाडू संघातल्या दुसऱ्या देशात फुकट जाऊ शकतो. त्या निकालाच्या जोरावर पुढच्या पिढ्यांनी बंगल्यांचे मजले चढवले. बोस्मानची स्वतःची खेळण्याची वर्षं मात्र कोर्टाच्या पायऱ्यांवर संपली आणि पुढे त्याला हलाखीचे दिवस काढावे लागले. पामराच्या सहीच्या कागदावर या माणसाचं नाव कुठे नसतं. माझ्या मते शाई त्याचीच आहे.

कारण त्या दिवसापासून घाबरायची पाळी क्लबांवर आली. त्याआधी करार संपायची तारीख खेळाडूच्या छातीत धडकी भरवायची; आता ती चिटणिसाची झोप उडवू लागली.

पहिली झोप उडाली ती ॲमस्टरडॅममध्ये. तिथल्या आयाक्स क्लबनं शाळकरी पोरं घडवून घडवून एक अजब संघ बांधला होता. मे १९९५ मध्ये व्हिएन्नाला युरोपच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला, समोर मिलानचा बलाढ्य संघ. पंच्याऐंशीव्या मिनिटाला पॅट्रिक क्लायव्हर्ट या बदली आलेल्या अठरा वर्षांच्या पोरानं गोल केला आणि आयाक्स जिंकलं. शहर नाचलं, मिरवणुका निघाल्या. नाचण्याच्या भरात कराराच्या तारखा बघायचं राहून गेलं असावं. सात महिन्यांनी बोस्मानचा निकाल लागला. १९९६ मध्ये एडगर डाव्हिड्स करार संपवून गेला. १९९७ मध्ये क्लायव्हर्ट गेला. दोघांचेही आयाक्सला पैसे मिळाले नाहीत. आणि दोघेही गेले कुठे? मिलानला! ज्यांना हरवलं त्यांच्याच घरी पोरं नांदायला गेली, तीही हुंड्याशिवाय.

(आपल्या नाटक मंडळ्यांनी हा धडा फार आधी गिरवला होता. १९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी आपली गंधर्व नाटक मंडळी काढली. मागे उरलेल्यांना पडदे, पेट्या आणि मखमली पोशाख होते; पण लोक पोशाख ऐकायला येत नाहीत.)

यावरून सगळे शहाणे झाले म्हणावं, तर तसंही नाही. सतरा वर्षांनी मँचेस्टर युनायटेडनं तीच ठेच खाल्ली. पॉल पोग्बा हा त्यांच्या कुमार संघातला रत्नासारखा पोरगा. मोठ्या संघात त्याला मोजून सात सामने मिळाले. त्याला आणखी हवे होते, करार संपत आला होता, बोलणी फिसकटली. २०१२ मध्ये एकोणिसाव्या वर्षी तो किरकोळ भरपाईवर युव्हेंटसला गेला, तिथे लागोपाठ चार वेळा इटलीची लीग जिंकला, आणि २०१६ मध्ये युनायटेडनं त्याला परत आणला. सुमारे आठ कोटी नव्वद लाख पौंडांना, तेव्हाचा जगातला विक्रम करून. आमच्या गल्लीत एक गृहस्थ रद्दीत घातलेलं पुस्तक दुसऱ्या दिवशी फूटपाथवरून विकत आणताना मी पाहिले आहेत. पण त्यांनी निदान विक्रम केला नाही.

आता याच्याशेजारी वेन रूनीची गोष्ट ठेवा. ऑक्टोबर २००२ मध्ये, सतरावं पुरं व्हायला पाच दिवस असताना, एव्हर्टनकडून त्यानं आर्सेनलविरुद्ध असा गोल मारला की एका रात्रीत तो देशाचा झाला. आठवड्याला ऐंशी पौंडांवर होता म्हणतात. एव्हर्टननं वेळ दवडला नाही. सतरा पूर्ण झाल्यावर जानेवारी २००३ मध्ये त्याची व्यावसायिक करारावर सही घेतली. म्हणून तो एव्हर्टनला राहिला का? नाही! दीड-पावणेदोन वर्षांत तो युनायटेडला गेला. पण जाताना सुमारे दोन कोटी सत्तर लाख पौंडांचा धनादेश मागे ठेवून गेला.

इथे माझ्या कारकुनी डोक्यात उजेड पडला. इतके दिवस मला वाटत होतं की नवा करार म्हणजे पोराच्या पायात घातलेली बेडी. तसं नाही. जायचा तो जातोच. नवा करार असतो तो मागे राहणाऱ्याच्या हाती काही पडावं म्हणून. रूनी गेला आणि तिजोरी भरली. पोग्बा गेला आणि तिजोरीत वाळवी लागली. दोघांच्या पायांत फारसा फरक नव्हता. फरक होता तो तारखांत.

आणि तारखांचा हिशेब पंचांगाइतका काटेकोर असतो. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडूला उघडपणे दुसऱ्या क्लबाशी बोलता येतं. एक वर्ष उरलं की गिऱ्हाईक शहाणं होतं. आज पैसे कशाला द्या, वर्षभर थांबलं की फुकटच मिळणार. म्हणजे मालाची किंमत पायरी-पायरीनं उतरते आणि शेवटी शून्यावर येते, माल तोच असताना. संध्याकाळच्या भाजीवाल्याची स्थिती यापेक्षा बरी, कारण त्याच्या मेथीला स्वतःचा दलाल नसतो. म्हणून दोन वर्षं उरलेली असताना एक तर नवी सही घ्यावी, नाहीतर विकून मोकळं व्हावं. त्यानंतर जी होते ती बोलणी नसते, विनवणी असते. शिवाय पोरगं अठराच्या आतलं असेल तर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तीन वर्षांहून लांब करारच करता येत नाही. म्हणजे सोळाव्या वर्षी सही घेतलेल्या मुलाच्या बाबतीत ही वेळ पुढच्याच वर्षी दारात उभी.

चेल्सीनं सहा वर्षं आधीच दार उघडलं, ते यासाठी. (त्यात हिशेबनिसांचाही एक आनंद होता. खेळाडूच्या खरेदीची रक्कम कराराच्या वर्षांवर वाटून खर्ची टाकतात, तेव्हा करार लांब तितका वर्षाचा हप्ता लहान. चेल्सीनं ही युक्ती इतकी वापरली की २०२३ मध्ये युरोपच्या संघटनेला सांगावं लागलं, बाबांनो, पाच वर्षांपलीकडे वाटू नका.) पण हिशेब सोडला तरी एक गोष्ट उरते. बावीस गोल करणाऱ्याच्या शेजारी, त्याच खोलीत, त्याच खुंटीवर कपडे टांगणारा एखादा बदली खेळाडू त्याच्याहून जास्त पगार घेत असेल, तर ते त्या पोराला कळतंच. आमच्या कचेरीत पगाराची पाकिटं बंद असत आणि आकडे सर्वांना पाठ असत. मागायला लागण्यापूर्वी मिळालेले शंभर रुपये माणूस जन्मभर आठवतो; मागून मिळालेले हजार तो त्याच संध्याकाळी विसरतो, लक्षात ठेवतो ते मागताना झालेला अपमान.

मग प्रत्येक चमकत्या पोराचा करार लगेच वाढवावा काय? इथे बार्सिलोनाकडे बघावं लागतं. या क्लबानं सहीचे सगळे प्रकार करून ठेवले आहेत. डिसेंबर २००० मध्ये तेरा वर्षांच्या लिओनेल मेस्सीला घ्यायचं की नाही याचा घोळ संपेना आणि त्याच्या वडिलांचा धीर सुटत चालला, तेव्हा कार्लेस रेक्साक या अधिकाऱ्यानं टेनिस क्लबात बसल्या-बसल्या हात पुसायच्या कागदावर चार ओळी लिहून सही केली. तो कागद २०२४ मध्ये लिलावात ७,६२,४०० पौंडांना गेला. माझ्याकडे उडप्याच्या हॉटेलातले असे कागद पुष्कळ आहेत, पण त्यांच्यावर चटणीखेरीज काही नाही. पुढे त्याच मेस्सीचा करार पुनःपुन्हा वाढत गेला. २०१७ चा करार चार वर्षांत साडेपंचावन्न कोटी युरोंपर्यंत जाणारा होता असं स्पेनच्या एका वृत्तपत्रानं छापलं. २०२१ मध्ये क्लबला थांबवायचा होता, मेस्सीला थांबायचं होतं, पण तिजोरी अशी झाली होती की लीगच्या आर्थिक नियमांत त्याची नोंदणी बसेना. मेस्सी डोळे पुसत गेला.

त्याच वर्षी त्याचा दहा नंबरचा शर्ट आन्सू फाती या अठरा वर्षांच्या मुलाला दिला. सोळाव्या वर्षी पदार्पण करून त्यानं सगळ्यांना वेड लावलं होतं. मग गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाल्या, जवळजवळ एक मोसम बुडाला. तो नुकता परतला होता तोच, ऑक्टोबर २०२१ मध्ये, क्लबनं त्याच्याशी २०२७ पर्यंत करार केला. मुदतीआधी कुणाला त्याला न्यायचंच असेल तर त्यानं शंभर कोटी युरो भरावेत, असं कलम घातलं. एवढी रक्कम भरायला कुणी आलं नाही हे सांगायला नको. गुडघ्यानं पुन्हा तो जुना वेग दिलाच नाही. २०२३ मध्ये क्लबनं त्याला उसना इंग्लंडात धाडला.

पुतण्या म्हणतो, "चुकलाच क्लबचा अंदाज." मला तसं म्हणवत नाही. गुडघा दुखावलेल्या पोराला 'आधी बरा हो, मग बघू' असं सांगणारे साहेब मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचा अंदाज बहुधा बरोबर येत असे. पण फुटबॉलवाल्याची कमाई दहा-बारा वर्षांची. त्यातली दोन गुडघ्यानं खाल्ली तर उरलेल्यांची हमी त्याला कुणी द्यायची? एका मोसमाचा खेळ बघून सही घ्यावी, एका गोलावर घेऊ नये, इतपत शहाणपण मी मान्य करतो. पुढचं कुणाच्या गुडघ्यात काय लिहिलंय ते त्या गुडघ्यालाही ठाऊक नसतं.

२०२३ च्या एप्रिलमध्ये याच क्लबकडून लामिन यमाल नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा मैदानात उतरला. सोळाव्या वर्षी त्याचा करार झाला तो नियमाप्रमाणे २०२६ पर्यंतचाच. इथेही शंभर कोटींचं कलम होतं. मे २०२५ मध्ये, अठरा पूर्ण व्हायला दीड-दोन महिने असताना, २०३१ पर्यंतचा नवा करार जाहीर झाला. जुलैमध्ये फाती मोनॅकोला उसना गेला आणि दहा नंबरचा शर्ट खुंटीवर आला. त्याच महिन्यात तो यमालनं अंगात घातला. दोन्ही पोरांच्या करारांच्या वेळी क्लबचे अध्यक्ष एकच होते, जुआन लापोर्ता.